कागदावरची ताई

मंगळवारी सकाळी जिन्यात भाजलेल्या जवाच्या पाण्याचा वास आला की समजायचं, खालच्या प्यो योंगरान मावशी आज सोलमध्ये नसणार. ते पाणी मोठ्या थर्मासमध्ये भरायचं, जांभळी टोपी घालायची आणि साडेसातला छांगशिनचा उतार उतरून दोंगदेमून स्टेशन गाठायचं, हा त्यांचा नेम. फलाटाच्या टोकाला बोंगसोन आणि कुमोक या दोन मैत्रिणी उभ्या असत. मग तिघी मिळून मेट्रो जाईल तिथवर जात. पासष्ट ओलांडलेल्यांना मेट्रो फुकट, आणि मेट्रो तर आता डोंगरापर्यंत, समुद्रापर्यंत आणि ओन्यांगच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपर्यंत पोचलेली. सकाळी जायचं, अंघोळ करायची, शेवयांचं सूप प्यायचं, दिवेलागणीच्या आत घरी यायचं.

मी त्यांच्या वरच्या खोलीत चार वर्षं भाड्यानं राहते. स्टेशनांवरची तिकिटाची गेटं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत काम करते, म्हणून त्या मला गेटवाली म्हणतात. माझी रविवारी ड्यूटी असते आणि सुट्टी मंगळवारी, त्यामुळे त्यांचं निघणं मला खिडकीतून नेमानं दिसायचं. मान थोडी उजवीकडे कललेली. चाळीस वर्षं त्यांनी शर्टांच्या कॉलरी शिवल्या. फक्त कॉलरी. बाह्या दुसरीच्या, काज-बटणं तिसरीची. मशीन सुटलं पण मान सरळ झाली नाही.

या तिघींची ओळख चार वर्षांपूर्वी ओन्यांगच्याच गाडीत झाली. डब्याच्या टोकाला म्हाताऱ्या माणसांसाठी तीन जागा असतात, त्यांवर तिघी अनोळखी बायका बसल्या होत्या. आमच्याकडे कोरियात पहिल्या पाच मिनिटांत वय विचारलं जातं. विचारलं नाही तर पुढचं बोलताच येत नाही, कारण समोरचीला ताई म्हणायचं की नुसतं नावानं हाकारायचं, तेच ठरत नाही. आमच्या वर्षांना ओळीनं बारा प्राण्यांची नावं असतात. कुमोक म्हणाली, मी घोड्याच्या वर्षाची. बोंगसोन म्हणाली, मी सापाच्या. मावशी म्हणाल्या, मी ड्रॅगनच्या. म्हणजे मावशी सगळ्यांत मोठ्या, बोंगसोन एका वर्षानं लहान, कुमोक आणखी एका वर्षानं. झालं. त्या दिवसापासून मावशी ताई झाल्या आणि कुमोक धाकटी.

धाकटीला कामं असतात. बोंगसोन शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काम केलेली बाई, ती अंडी उकडून आणायची, पण सोलायची कुमोकनं. पिशवी धरायची कुमोकनं. खानावळीत टेबलाच्या खणातून चमचे आणि जेवायच्या काड्या काढून मांडायच्या, पाणी ओतायचं, तेही कुमोकनं. आणि हमामात गेल्यावर खरखरीत हिरवा मोजा हातात चढवून आधी ताईची पाठ घासायची, मग बोंगसोनची, आणि मग कुणाच्या अंगात जोर उरला असेल तर तिची. कुमोक हे सगळं करायची आणि करताना अखंड कुरकुरायची. पायमोजे विकायची गाडी ढकलत तिनं तीन मुलं वाढवली होती, आवाज अजून बाजारातलाच होता. याआधीच्या एका मंडळातून ती एका खिडकीच्या जागेवरून भांडून निघाली होती आणि पुन्हा त्या बायकांचं तोंड पाहिलं नव्हतं. हे ती स्वतःच अभिमानानं सांगायची.

मागच्या वसंतात दोघींनी ठरवलं, ताईचं सत्तरावं ओन्यांगलाच करायचं. केक कुमोक आणणार होती. मावशींचा मुलगा उल्सानला असतो, त्याला त्या दिवशी रजा नव्हती, त्यामुळे मैत्रिणींबरोबरचा मंगळवारच बरा असं मावशीच म्हणाल्या. पण त्या आठवड्यापासून त्यांचं जेवण कमी झालं.

एका संध्याकाळी मी भाडं द्यायला खाली गेले, तर त्या ओट्यापाशी मुळ्याचा पाला निवडत बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "गेटवाली, तुझ्या त्या गेटला कळतं का गं, कार्ड घेऊन कोण चाललंय ते?"

मी म्हटलं, गेटला कार्ड कळतं, माणूस कळत नाही. फुकटचं कार्ड असलं की दोनदा वाजतं, एवढंच.

"आणि कार्डाला?"

कार्डाला जन्मसाल कागदावरून मिळतं, मी म्हटलं. कागदावर जे असेल ते.

त्यांनी पाला बाजूला ठेवला आणि मला सगळं सांगितलं. नवरा गेल्यापासून हे कुणालाच सांगितलं नव्हतं म्हणाल्या.

योंगरान हे त्यांचं नाव नव्हतं. ते त्यांच्या थोरल्या बहिणीचं. ती ड्रॅगनच्या वर्षी जन्मली आणि दोन वर्षांची होऊन हिवाळ्यात गोवरानं गेली. पुढच्या वर्षी, मेंढीच्या, या जन्मल्या. नोंदणीचं कार्यालय खिंडीपलीकडे, जायला अर्धा दिवस. बापानं मेलेल्या मुलीचं नाव कापायलाही फेरी मारली नाही आणि आलेल्या मुलीचं घालायलाही नाही. एक गेली, एक आली, हिशेब जुळला, असं तो म्हणे. घरात यांना जोमी, म्हणजे तीळवाली, म्हणत, कारण पाठीवर मोठा तीळ होता. शाळेत गेल्या तेव्हा मास्तरांनी हजेरीत योंगरान पुकारलं आणि आईनं मागून ढोसलं, हो म्हण.

तेव्हापासून त्या तीन वर्षं पुढे चालत आल्या. पंधराव्या वर्षी सोलला आल्या तेव्हा कागदावर अठरा होत्या, म्हणून कारखान्यात लागल्या. त्यांच्याहून मोठ्या मुली त्यांना ताई म्हणायच्या आणि नोकरी जाईल या भीतीनं त्या गप्प राहायच्या. लग्न झालं ते कागदावर तेविसाव्या वर्षी. निवृत्त झाल्या तेही लवकर. फुकटचं कार्ड तीन वर्षं आधी आलं.

"सख्ख्या भावंडांत मी शेवटची," त्या म्हणाल्या. "कुणी मला ताई म्हटलं की बरं वाटतं, ते मी नाकारत नाही. पण सत्तरावं मला नाही करवणार. एवढी वर्षं तिची घेतली. हेही घेतलं, तर तिचं म्हणून काही उरतच नाही."

मी म्हटलं, मग मैत्रिणींना सांगून टाका.

"कुमोकला? चार वर्षं तिनं माझी पाठ घासलीय." त्यांनी पुन्हा पाला हातात घेतला. "ती उठून गेली तर बोंगसोन एकटी माझ्याबरोबर यायची नाही. मग मंगळवारी मी काय करू? टीव्ही बघू?"

न सांगावं तर दुसऱ्याचं सत्तरावं खायचं, आणि सांगावं तर मंगळवार जायचे. गेटाच्या सर्किटमध्ये बिघाड शोधायचा तर मला सांगा, यात मी काय बोलणार? तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं, त्या दिवशी येशील का. केक धरायला कुणीतरी लागेल.

म्हणून त्या मंगळवारी मी त्यांच्याबरोबर निघाले. दोंगदेमूनच्या गेटवर मावशींनी कार्ड टेकवलं, गेट दोनदा वाजलं, आणि त्यांनी पुढे पाऊल टाकण्याआधी किंचित मान लववली. आधी मला वाटलं, कॉलरींमुळे होत असेल. मग लक्षात आलं की त्या तिच्यापुढे मान लववत होत्या, जिच्या नावावर आत चालल्या होत्या.

गाडी ओन्यांगला पोचायला अडीच तास घेते. तिघी त्यांच्या तीन जागांवर बसल्या, मावशी भिंतीकडच्या, म्हणजे ताईच्या, जागेवर. मी समोर केकचा डबा मांडीवर धरून. सुवोन येईपर्यंत कुमोकनं चार अंडी सोलली. तिची सोलण्याची रीत बघण्यासारखी होती. कपाळावर टक करून आपटायचं, तळहातात गोल फिरवायचं, की टरफल एका पट्टीत निघून यायचं.

"खा ताई," ती म्हणाली. "सत्तरीच्या बाईनं सकाळी दोन अंडी खावीत. आणि नंतर मला आशीर्वाद द्या, की पुढच्या जन्मी मी तुमच्याआधी जन्माला येवो."

बोंगसोन हसली. मावशींना ठसका लागला, मी जवाचं पाणी ओतून दिलं.

हमाम जुना आहे, बाहेरून शाळेसारखा दिसतो. आत वाफेत सगळ्या बायका सारख्याच दिसतात. आम्ही गरम हौदात अंग शेकून घेतलं आणि नळांसमोर बुटक्या स्टुलांवर बसलो. कुमोकनं हिरवा मोजा चढवला आणि म्हणाली, पाठ इकडे करा ताई.

मावशी म्हणाल्या, आज नाही. आज मी तुझी आधी घासते.

कुमोक म्हणाली, सत्तरीच्या दिवशी हे बरं दिसतं का, इथल्या बायका काय म्हणतील, मी काय मुडदा आहे का. पण मावशींनी मोजा तिच्या हातातून ओढून घेतला, तिला फिरवून बसवलं आणि घासायला लागल्या. मग तिच्या पाठीकडे बघत त्यांनी सांगितलं. मला सांगितलं होतं त्याहून थोडक्यात. ड्रॅगनच्या वर्षी जन्मली ती मी नव्हे. ती दोन वर्षांची असताना गेली. मी मेंढी.

कुमोकची पाठ हलली नाही. बोंगसोन मात्र बोटं मोजू लागली. साप, घोडा, मेंढी असं पुटपुटत तिनं दोनदा मोजलं.

"म्हणजे सगळ्यांत मोठी मी?" तिनं विचारलं. "मला नको बाई. मोठीला चार लोकांत बोलावं लागतं."

 मावशी अजून घासत होत्या, एकाच जागी, पाठ लाल झाली होती. मग कुमोक उठली, तांब्याभर पाणी अंगावर ओतलं आणि कुणाकडेही न बघता थंड पाण्याच्या हौदात जाऊन बसली. थंड हौदात ती कधी जात नसे. तिला सर्दी होते.

मावशी मोजा हातात तसाच घेऊन बसल्या. त्यांची पाठ त्या दिवशी कुणीच घासली नाही. मी घासू का विचारलं, तर मान हलवून नको म्हणाल्या.

कपडे घालतानाही कुमोक बोलली नाही. रस्त्यानं ती पंधरा पावलं पुढे चालत होती. मावशी माझ्या शेजारी, आणि बोंगसोन मध्येच कुठेतरी, कधी मागे बघत कधी पुढे. मला वाटलं, ही आता सरळ स्टेशनात शिरणार. पण ती नेहमीच्या शेवयांच्या खानावळीत शिरली. भूक लागली असावी.

आम्ही चौघी टेबलाशी बसलो. बोंगसोननं चार सूप सांगितली. मग टेबलाच्या खणाकडे एकदम दोन हात गेले, कुमोकचा सवयीनं आणि मावशींचा ठरवून. दोन्ही हात खणाच्या मुठीवर थांबले. कुमोकनं त्या हातांकडे पाहिलं आणि आपला काढून घेतला.

मावशींनी चार चमचे काढले, काड्यांचे चार जोड काढले, कागदी रुमाल पसरून त्यांवर एकेक मांडले. पहिले बोंगसोनपुढे, मग कुमोकपुढे, मग माझ्यापुढे, शेवटी स्वतःपुढे.

"पाणीपण," कुमोक म्हणाली.

हमामानंतरचा तिचा तो पहिला शब्द. मावशींनी पाणी ओतलं.

सूप आलं, निम्मं संपलं, तेव्हा कुमोक बोलायला लागली. तीन वर्षांचं मला काही नाही, असं तिचं म्हणणं होतं. आमच्या गावातही अर्ध्या लोकांची सालं खोटी होती. पण गाडीत पहिल्या दिवशी तू मेंढी म्हणाली असतीस, तर माझं काही जाणार होतं का? एवढं म्हणून ती थांबली. 'तुम्ही'चं 'तू' झालेलं आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"तुझं काही गेलं नसतं," मावशी म्हणाल्या. "माझं गेलं असतं. कार्ड ड्रॅगनचं होतं. तोंडानं मेंढी सांगायची आणि कार्ड ड्रॅगनचं दाखवायचं, मला भीती वाटली. मग तू ताई म्हणालीस. मग ते गोड वाटलं."

"गोड वाटणारच. फुकटची पाठ घासून मिळत होती."

"हो," मावशी म्हणाल्या. "तेही."

कुमोकनं सूप वाडग्यासकट उचलून संपवलं. मग विचारलं, "घरी काय म्हणायचे तुला?"

"जोमी. पाठीवर तीळ आहे ना."

"माहितीय मला तुझा तीळ," कुमोक म्हणाली. "पहिल्या दिवशी मळ समजून अर्धा तास घासला होता. तेव्हा तरी बोलायचंस."

बोंगसोन आधी हसली. मग मला आवरेना. मावशी हसल्या नाहीत, रुमालानं टेबल पुसत राहिल्या. टेबल स्वच्छच होतं.

केक उरलाच होता. रुळांच्या पुलाखाली बाजाराजवळ बाकं आहेत, तिथे आम्ही बसलो. मी डबा उघडला. वाफवलेल्या तांदळाच्या पिठाचा केक, वरून लाल चवळीच्या भुग्याचा जाड थर. कुमोकनं पहाटे उठून ओळखीच्या गिरणीतून गरमागरम करवून आणला होता. आम्ही चौघी त्याच्याकडे बघत राहिलो. ज्या सत्तराव्याचा होता ते कुणाचं, तेच आता कळत नव्हतं.

शेवटी बोंगसोन बोलली. चार लोकांत बोलायची तिची ती पहिलीच वेळ असावी. "सत्तरावं त्या पोरीचंच आहे. तारीख तिची, वर्ष तिचं. एक तुकडा तिला काढून ठेवू. तिला कधी कुणी ठेवलाय?"

मावशी म्हणाल्या, कधीच नाही. एवढ्या लहान मुलांचं पान आमच्याकडे वाढत नाहीत. आई शेवटपर्यंत बोलली नाही तिच्याबद्दल.

बोंगसोननं तुकडा कापला आणि कागदी ताटलीत ठेवायला गेली, तोच कुमोकनं तिचा हात धरला.

"लाल आहे," ती म्हणाली. "लाल चवळी बघून गेलेलं माणूस जवळ येत नाही. माझ्या सासूनं आयुष्यभर पानावर लाल ठेवू दिलं नाही, आणि तू पोरीला लाल वाढतेस?"

खरंच होतं. वाढदिवसाचा म्हणून लाल आणला होता, मेलेल्यासाठी तो चालत नाही. बोंगसोन हात तसाच धरून उभी राहिली. कुमोकनं पिशवीतून चमचा काढला, तुकडा मांडीवर घेतला आणि वरचा भुगा खरवडायला लागली. आधी वरून, मग कडांवरून, मग चमच्याच्या टोकानं भेगांतून. एकही लाल कण राहू नये म्हणून तिनं तुकडा उजेडात धरून फिरवला. पांढरा स्वच्छ झाल्यावर ताटलीत ठेवला. मग पिशवी चाचपून एक अंडं काढलं, बाकाच्या कडेवर टक केलं, तळहातात फिरवलं, सोललं आणि तुकड्याशेजारी ठेवलं.

"दोन वर्षांची आहे," ती म्हणाली. "तिला काय सोलता येतंय."

मावशींनी तोंड फिरवलं. वरून एक गाडी धडधडत गेली.

थोडा वेळ ताटली बाकाच्या टोकाला राहू दिली. आम्ही लाल केक खाल्ला, छान झाला होता. मग कुमोकनं ताटली उचलून मावशींपुढे धरली.

"खा. तिचं उरलेलं तूच खात आलीस जन्मभर. आताही तूच खा, जोमी."

मावशींनी ती ताटली दोन्ही हातांनी घेतली, मोठ्यांकडून घेतात तशी. आणि सगळं खाल्लं, अंड्यासकट.

चारची गाडी होती. स्टेशनच्या गेटवर बोंगसोन आधी गेली, मग मावशी. कार्ड टेकलं, दोनदा वाजलं, मान लवली. मागे कुमोक होती. तिनं ते पाहिलं आणि विचारलं, रोज हेच करायचीस ना? मावशींनी हो म्हटलं. कुमोकनं आपलं कार्ड टेकवलं आणि तिनंही मान लववली, पण जरा जास्तच वाकली. गेटाची झडप मिटली आणि पिशवी अडकली. मागचे आजोबा करवादले. मी पलीकडून बटण दाबायला कर्मचारी शोधत होते, तोवर तिनं त्यांना सांगितलंसुद्धा की आत एक दोन वर्षांची पोर आहे, तिला नमस्कार करतेय, जरा थांबा.

डब्यातल्या तीन जागांवर बसताना घोळ झाला. भिंतीकडची जागा आता बोंगसोनची. ती नको नको म्हणत बसली आणि बसल्याबरोबर झोपली. मधे कुमोक. दाराकडची, सगळ्यांचे धक्के खाणारी, मावशींची. पिशवी त्यांच्या मांडीवर.

छोनान गेल्यावर कुमोक म्हणाली, पुढच्या मंगळवारी छुनछोन. उरलीसुरली थंडी संपली असेल, तळ्याकाठी फिरू. अंडी तू सोलायची, आत्तापासून शिकून घे.

पिशवीत एक अंडं उरलं होतं. मावशींनी ते कपाळावर हळूच आपटलं. काही झालं नाही. जोरात आपटलं, तर अर्धं चेपलं. टरफल नखानं काढायला गेल्या, तर त्याबरोबर पांढऱ्याचे लचके निघायला लागले. चाळीस वर्षं कॉलरीच्या टोकांना बिनचूक सुई मारणारे हात, पण अंडं खडबडीत होत चाललं, टरफलाचे तुकडे मांडीभर सांडले.

कुमोक बराच वेळ बघत राहिली. मग तिनं हात पुढे केला.

"दे इकडे," ती म्हणाली. "लहान ते लहानच."